पोटात गोळी किंवा चाकू: एका बैठकीत दुरुस्ती की टप्प्याटप्प्यानं?

रक्तदाब टिकून आहे, अंग गरम आहे, रक्त गोठतंय आणि भोक एखाद-दुसऱ्या आतड्याला आहे, तर एकाच बैठकीत सगळं दुरुस्त करून पोट शिवावं. अशा रुग्णाचं पोट ‘कशाला धोका घ्या’ म्हणून उघडं ठेवलं, की फिस्टुला (आतड्यातून बाहेर गळणारी वाट) आणि हर्नियाला आपणच आमंत्रण देतो.

टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया (आधी फक्त रक्तस्राव आणि गळती थांबवायची, दुरुस्ती नंतर) वेगळ्या रुग्णासाठी आहे: तापमान 35 अंश सेल्सिअसखाली, रक्ताचा पीएच 7.2 खाली, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) 1.5 च्या वर, आणि मॉप (रक्त टिपायचा कापडी पॅड) उचलला की सगळीकडून झिरपतंय. गारठलेलं रक्त गोठत नाही, म्हणून वाहत राहतं; वाहिलं की ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढतो. फिलाडेल्फियातल्या 1993 च्या 46 रुग्णांच्या आढाव्यात दोन्ही पद्धतींत जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. मोठी रक्तवाहिनी आणि दोन किंवा जास्त अवयव फाटलेल्यांत मात्र ते एका बैठकीत 11, तर टप्प्याटप्प्यानं 77 टक्के निघालं. असे रुग्ण फक्त 22 होते, हेही ध्यानात ठेवावं.

निर्णय पोट उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच व्हावा. दोन तास जोडकाम करून, हरल्यावर पॅकिंग करणं (मॉप दाबून ठेवणं) म्हणजे दोन्हींचे तोटे पदरात. टप्प्याटप्प्याचं ठरलं, तर पोटाच्या चारही कोपऱ्यांत मॉप दाबायचे, बांधता येईल ती वाहिनी बांधायची, इलियाक (पायाकडे जाणाऱ्या) धमनीसारख्या ठिकाणी शंट (रक्त वाहतं ठेवणारी तात्पुरती नळी) टाकायचा. फाटलेलं आतडं स्टेपलरनं किंवा टेपनं बंद करून तसंच ठेवायचं. जोडणी नाही, स्टोमाही (आतड्याचं तोंड पोटावर काढणं) नाही. यकृतातली धमनी उडत असेल तर नुसत्या पॅकिंगनं भागत नाही. फार घट्ट दाबलं तर व्हेना केव्हा (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) चेपते आणि रक्तदाब कोसळतो.

पोट झाकायला 3 लिटरची निर्जंतुक सलाइन पिशवी उघडून त्वचेला शिवली तरी चालते. स्वस्त, आणि आतडी दिसतात. फॅसियाला (पोटाच्या भिंतीतला मजबूत पडदा) टाके नकोत, ती शेवटच्या शिवणीसाठी शाबूत हवी. व्हॅक्यूम ड्रेसिंगमध्ये द्रव मोजता येतो, कडाही कमी आखडतात.

मग आयसीयू: ऊब, रक्तघटक 1:1:1 (लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट समान प्रमाणात), कॅल्शियम. 24 ते 48 तासांनी पुन्हा ओटी (ऑपरेशन थिएटर). मूत्राशयातला दाब (यावरून पोटातला दाब कळतो) 20 मिमी पाऱ्याच्या वर जाऊन लघवी घटली, तर त्याआधीच.

रक्तपेढी किंवा व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयात पहिला टप्पा उरकून रुग्ण पुढे पाठवावा. सोबतच्या कागदावर आत किती मॉप आहेत, कुठे आहेत, काय बांधलं आणि शंट किती वाजता टाकला, एवढं तरी लिहावं.