लोअर आर्म आणि बॉल जॉइंट बदलल्यावर एक पावसाळा: डावीकडे आख्खा आर्म, उजवीकडे नुसता जॉइंट

गाडी जुनी डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. फेऱ्या बहुतेक चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. मार्चमध्ये पुढचं काम केलं. डावीकडे आख्खा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) नवा टाकला आणि उजवीकडे जुन्याच आर्ममध्ये नुसता बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा, वाटीत फिरणारा सांधा), कारण त्या बाजूचे बुश, म्हणजे आर्मच्या दुसऱ्या टोकाची रबरं, आदल्याच वर्षी बदललेले होते. आता दिवाळी उलटली, मधे कोकणातला पाऊस झाला, तेव्हा फरक सांगता येईल.

आधी आवाजाचं. हळू वेगात स्पीडब्रेकर उतरताना पुढून खट्ट व्हायचं, आणि हायवेला गाडी उगाच इकडेतिकडे भरकटायची. एका गॅरेजने न उचलताच दोन्ही शॉकअप सांगितले. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं. प्ले होता, म्हणजे चाक सैल हलत होतं. मग मला म्हणाले, ‘‘ब्रेक दाबून धरा.’’ ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर बेअरिंगवर संशय. तो तसाच राहिला. चाकाखाली पहार घालून उचलल्यावर जॉइंटची दांडी वाटीत वरखाली होताना सरळ दिसली. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला, ग्रीस कधीच धुऊन गेलेलं, आत तांबूस गंजाचं पाणी. शॉकअपचे पैसे वाचले ते असे.

कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नकलमधल्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) पिंच बोल्टने, म्हणजे जॉइंटची दांडी आवळून धरणाऱ्या बोल्टने. गंजून असा बसला होता की तेल मारून, ठोकून, पुन्हा तेल मारून मग हलला. एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहितो, कारण घाईत हीच टाळली जाते: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली घेतल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींनी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेऊन खालून आवळले. (तालुक्यातला एवढाच खड्डा उपयोगी.) त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ती वगळून चालत नाही. माझा डावा टायर आतून खात होता, ते थांबलं.

सुरुवातीला स्टेअरिंग किंचित जड वाटलं, नवे जॉइंट घट्ट असतात. महिन्याभरात हलकं झालं. आवाज बंद, घाटातल्या वळणावर गाडी सांगाल तिकडे जाते.

गणपतीनंतर ऑइल बदलताना दोन्ही बाजू पुसून पाहिल्या. डावीकडचा बूट मऊ, कोरडा, जसाच्या तसा. उजवीकडे बाजारातल्या स्वस्त जॉइंटच्या बुटाला घडीवर चिरा, आणि ग्रीसचा ओघळ आर्मवर उतरलेला. प्ले अजून नाही, पण पाणी शिरलं की वेळ लागत नाही. जॉइंट काही शेकड्यांत आला होता, आर्म त्याच्या कितीतरी पट. पण खोलायची मजुरी आणि अलाइनमेंट दोन्हीकडे सारखीच लागते, त्यामुळे स्वस्तातलं काम वर्षात दोनदा करायची पाळी आली तर बचत कसली? शिवाय प्रेसऐवजी (दाबून बसवायचं यंत्र) हातोडीने ठोकून जॉइंट बसवणारेही आहेत. तिथे तर नुसता जॉइंट नकोच. बुश खरंच नवे असतील, जॉइंट चांगल्या प्रतीचा मिळत असेल आणि प्रेस असेल, तरच तो विचार करा.

आवाज येतोय तरी ‘चालतंय’ म्हणून गाडी पळवणाऱ्यांसाठी: दांडी वाटीतून निसटली तर चाक बाहेर मुडपतं आणि गाडी जागेवर बसते. घाटात हे नको.

उजवीकडचा आर्म आणून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात बसवतो, म्हणजे अलाइनमेंटवाल्याला पुन्हा पैसे.