कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर: सातशे ग्रॅम लोखंड आणि त्यामागचा किलोभर कागद

शस्त्र परवाना मिळालेल्या माणसाच्या कपाटात शेवटी येऊन पडतं ते बहुतेक वेळा हेच, कानपूरचं सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर. पूर्वी ते ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचं होतं. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून ते कानपूरच्याच अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आहे. दुकानात अजूनही त्याला ‘ऑर्डनन्सचं’ म्हणतात.

का घेताय असं विचारलं की उत्तर येतं ‘संरक्षणासाठी’. मनात मात्र मुंबईच्या चकमकींचं चित्र असतं. पोलिसांच्या कमरेला असतं तसंच काहीतरी आपल्याही कमरेला लागणार, असा समज. तो समज काउंटरवरच मोडलेला बरा.

नागरिकाला .३२ च का मिळतं, हे आधी पाहू. ९ मिमी आणि .३०३ ही फौज-पोलिसांची बोअर, म्हणजे नळीची मापं. सामान्य परवान्यावर ती मिळत नाहीत, निषिद्ध बोअरच्या यादीत आहेत. राहिलं ते .३२. या रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, मूळचं १८९६ चं. ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर वेगाने निघते. ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. पोलिसांकडची ९ मिमी गोळी याच्या तिपटीच्या घरात जाते. शिवाय बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ९ मिमी ऑटो पिस्तुलात तेरा गोळ्यांचं मॅगझिन बसतं आणि ते दोन सेकंदांत बदलता येतं. इथे सहा संपल्या की पुन्हा सहा एकेक करून भरायच्या. तेव्हा ‘पोलिसांसारखं’ हा शब्द या वस्तूच्या जवळपासही फिरकू देऊ नये. कमजोर म्हणजे निरुपद्रवी, असंही कोणी समजू नये. हॉलमध्ये चुकलेली गोळी प्लायवुडच्या पार्टिशनमधून किंवा पोकळ दरवाजातून पलीकडच्या खोलीत जाते, आणि त्या खोलीत पोरं झोपलेली असतात.

रचना जुन्या वेब्ली मार्क ४ वर बेतलेली आहे. नळी तीन इंची, एकूण लांबी जेमतेम अठरा सेंटीमीटर, रिकाम्याचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. घोड्याशेजारची (घोडा म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग) कळ अंगठ्याने दाबली की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात, आणि मधला तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची चकती, वर येऊन सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकतो. या मालाची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आणि सगळ्यात वाईट गोष्टही हीच. चांगली अशासाठी, की भरलंय की रिकामं हे उघडल्याबरोबर दिसतं. पिस्तुलासारखं मॅगझिन काढलं आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या कप्प्यात, एक राहिली, असला घात होत नाही. वाईट अशासाठी, की सगळा ताण त्या बिजागरीवर आणि वरच्या कळीवर येतो. दोन्ही झिजतात, आणि झिजली की नळी खुळखुळायला लागते.

उघडण्याचीही एक रीत आहे. बरेच जण नळीचं तोंड जमिनीकडे ठेवून हळूहळू उघडतात. अर्धी बाहेर आलेली पुंगळी मग घसरून ताऱ्याच्या खाली शिरते, तिची कड तिथे अडकते आणि रिव्हॉल्व्हर धड बंद होत नाही, धड उघडत नाही. नळीचं तोंड वर, सुरक्षित दिशेला धरायचं आणि एका दमात पूर्ण उघडायचं. पुंगळ्या आपल्या वजनाने खाली पडतात. अडकलीच तर सिलिंडर ठोकत बसू नये. तारा बोटाने पूर्ण वर धरून पुंगळी नखाने किंवा लाकडी काडीने काढावी.

चाप दोन प्रकारे ओढता येतो. घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो आणि नेम बरा लागतो. घोडा न चढवता थेट ओढला तर चाप लांब आणि जड, आणि नेम बिघडतो तो इथेच: अर्ध्या वाटेत मनगट वळतं आणि गोळी खाली-डावीकडे जाते. घरातल्या घरात, पाच-सात मीटरवर हे निभावतं. त्यापलीकडे तीन इंची नळी, नेमाची पुढची न हलणारी माशी आणि मागची उथळ खाच यांच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत. हा जड चाप मला दोष वाटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या बोटाखाली हलका चाप असणं जास्त धोक्याचं. पण सराव न करता घेतलं तर सहापैकी किती कामाच्या, याचा हिशेब प्रत्येकाने रेंजवर स्वतः करून पाहावा.

दुकानात सहीच्या आधी वीस मिनिटं या तपासणीला द्यावीत. आधी उघडून सहाही चेंबर रिकामे असल्याचं पाहावं. मग बंद करून नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून बाजूला हलवून बघावी. बिजागरीत टकटक जाणवली तर नग बदलून मागायचा. चाप ओढून धरून ठेवावा आणि सिलिंडर फिरवून बघावं. किंचित हलणं चालतं, डुलणं चालत नाही. हे सहाही चेंबरवर वेगवेगळं करायचं, कारण पाच नीट बसतात आणि सहावा नळीच्या समोर पूर्ण येत नाही, असं होऊ शकतं. असा चेंबर गोळीचा काठ तासतो आणि शिशाचे कण बाजूने उडतात. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट उजेडासमोर धरून बघावी. सगळीकडे सारखी हवी. (गोळी सुटताना याच फटीतून तापलेला वायू बाहेर पडतो, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे कधीच येऊ द्यायची नाहीत.) शेवटी हत्यारावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढणारा नंबर अंक न् अंक जुळवून घ्यावा. एक अंक चुकला तर ते कागदोपत्री दुसऱ्याचं हत्यार ठरतं.

काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात. हे ‘के’ आपल्या खडकीचं, पुण्याच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचं. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे लिहिलेलं असतं आणि तेवढीच मिळतात. लोक ती दहा-दहा वर्षं जपतात, आणि नेमकं हेच चुकतं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट डाग येतात, तेल लागलेली असली तर तेल प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीत, झिरपतं आणि काडतूस फुसकं निघतं. काडतुसांना तेलाचा हात लावू नये, ती कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावीत आणि जुनी आधी रेंजवर संपवावीत. ठोका पडूनही गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग उघडायचं. प्रायमर कधीकधी उशिरा पेटतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबून, रिकामं करून, नळीतून आरपार बघायचं. गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने कपाटात ठेवणं ही दुसरी सर्रास चूक. चामडं दमट हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिशखाली गंज धरायला एक पावसाळा पुरतो. ठेवताना होल्स्टर वेगळं, हत्यार वेगळं, काडतुसं कुलपात वेगळी.

दुसरे पर्याय थोडक्यात. जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आलं: टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये, ‘बायकांसाठी’ म्हणून गाजावाजा. वजन दोनशे ग्रॅमने उतरलं, काडतूस तेच राहिलं. हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त बसतो, ही साधी गोष्ट जाहिरातीत नव्हती. इशापूरचं ‘निडर’ अडीचशे ग्रॅमचं, .२२ चं, पर्समध्ये मावतं, बाकी फारसं बोलण्यासारखं नाही. ऑगस्ट २०२३ मधलं ‘प्रबल’ मात्र खरंच वेगळं आहे. सिलिंडर बाजूला उघडतो, म्हणजे बिजागरीवाल्या रचनेची दुखणी मुळातूनच गेली. पन्नास मीटर पल्ल्याच्या दाव्याकडे मी लक्ष देणार नाही. पन्नास मीटरवरचा माणूस आपल्याला मारायला आलाय, हे न्यायालयात सांगून बघा. पण नवीन घ्यायचं आणि प्रबल मिळत असेल तर तेच घ्यावं, ते त्या बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरसाठी.

आता कागद. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना आयुक्त देतात, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी. शस्त्र नियम २०१६ नुसार अर्ज ए-१ नमुन्यात, सोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर लागतो. तो नसलेला जुना आजोबांच्या वेळचा परवाना नुसता फ्रेम करण्याच्या लायकीचा. शस्त्र कायद्याच्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी मागावीत आणि त्याच कायद्याच्या कलम १८ खाली अपील करावं. साहेबांच्या केबिनबाहेर बसून काही होत नाही. आणखी एक: लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत हवेत बार काढणं हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा केला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी उतरतेच.

या मालाचा सगळ्यात महाग भाग दुकानात दिसत नाही. तो सुरू होतो गोळी सुटल्यावर. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खाजगी बचावाची. कलम ३८ मध्ये जीव घेण्यापर्यंत बचाव कधी जाऊ शकतो ते आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण वगैरे. मालमत्तेसाठी कलम ४१: दरोडा किंवा जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी. आणि कलम ३७ या सगळ्यावर झाकण घालतं: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तरी नाही. भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी बचावात बसवणं म्हणूनच अवघड. सर्वोच्च न्यायालयाने हेही अनेकदा म्हटलंय की संकटात सापडलेल्या माणसाचा बचाव सोन्याच्या काट्यावर तोलायचा नसतो. पण तो काटा न्यायाधीशांच्या हातात येईपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर हत्यार जप्तीत, परवाना निलंबित.

पोलिसांसारखं हत्यार हवं म्हणणाऱ्यांनी पोलिसांवरची बंधनंही बघावीत. अटक करताना, ज्या आरोपीच्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्याचा जीव घेण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ पोलिसांना देत नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ मध्ये झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा सूचना दिल्या: चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, संबंधित पोलिसांनी आपली हत्यारं बॅलिस्टिक तपासणीसाठी द्यायची, आणि लगेच शौर्यपदक किंवा बढती नाही. वर्दीतल्या माणसामागे खातं असतं, सरकारी वकील असतो. परवानाधारकामागे त्याचा स्वतःचा वकील आणि स्वतःचं पासबुक.

तरी घ्यावं का? दूरच्या शेतवस्तीवर राहणारा, ठाणं तासाभराच्या अंतरावर असलेला, खरोखर धमकी आलेला आणि सराव करणारा माणूस असेल तर घ्यावं. शहरातल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने त्याच पैशात लोखंडी सेफ्टी दरवाजा, चांगलं कुलूप आणि कॅमेरा बसवावा. घरफोड्याची बहुतेक कामं तिथेच अडतात. बाळगायला म्हणून, कमरेला दिसावं म्हणून घेणाऱ्यांना हा माल मी देणारच नाही. सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्येच ठेवायचं असा नियम आहे, कुणाला दाखवून धाक घातला तर परवाना जातो.

आणि निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो: हत्यार जमा करा. सरसकट सगळ्यांनी जमा करायचं असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर छाननी समितीने परवान्यागणिक ठरवायचं असतं, आणि सूट हवी असेल तर समितीकडे आधीच लेखी अर्ज करावा. जमा करायचंच ठरलं तर न्यायच्या आधी घरी उघडून, रिकामं करून, तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळावं. पोचपावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये. परत घेताना बिजागरी आणि नळी तिथेच काउंटरवर उघडून बघावी, पावतीवर सही त्यानंतर.