लोह, मॅग्नेशियम, झिंक की लिथियम? नैराश्यात खनिजांच्या गोळ्या निवडताना

नैराश्य किंवा बायपोलर आजारावर (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येतात) उपचार चालू असताना जोडीला एखाद्या खनिजाची गोळी घ्यावी का, असा विचार करणाऱ्यांसमोर बहुधा हीच चार नावे येतात. यांपैकी एकही गोळी मूळ औषधाची जागा घेत नाही. आत्महत्येचे विचार येत असतील, तर गोळ्यांची तुलना बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे.

लोहाचा विचार सर्वांत आधी करावा, कारण येथे तपासणीने नेमके उत्तर मिळू शकते. थकवा, चिडचिड आणि कामात लक्ष न लागणे ही लक्षणे रक्तक्षयातही दिसतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तरीही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) पाहिल्याशिवाय लोह सुरू करू नये. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तविकाराच्या सौम्य प्रकारात हिमोग्लोबिन कमी असूनही शरीरातील लोह पुरेसे असू शकते. गोळीनंतर लगेच चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, हे आपल्याकडे विशेष सांगावे लागते.

तपासणीत कमतरता आढळली नाही आणि तरीही काही करून पाहायचे असेल, तर मॅग्नेशियम त्यातल्या त्यात सौम्य आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ प्रौढांच्या अभ्यासात रोज २४८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम सहा आठवडे दिल्यावर नैराश्याची लक्षणे कमी झाली. मात्र सहभागींना आपण काय घेत आहोत हे ठाऊक होते, त्यामुळे त्या निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही. लेबलवरील आकडा संपूर्ण संयुगाचा आहे की त्यातील ‘एलिमेंटल’ म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा, हे तपासून घ्यावे. मात्रा जास्त झाल्यास जुलाब होतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. थायरॉइडची गोळी चालू असल्यास ती आणि लोह किंवा मॅग्नेशियम यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

झिंकचे प्रयोग प्रामुख्याने नैराश्याच्या औषधाला जोड म्हणून झाले आणि त्यांत काहीसा लाभ दिसला, पण ते लहान होते. अमेरिकी मानकांनुसार प्रौढांसाठी आहारासह दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. महिनोन्‌महिने त्याहून अधिक घेतल्यास शरीरातील तांबे घटून रक्तक्षय आणि मज्जातंतूंना इजा संभवते.

लिथियमला या रांगेत बसवणेच मला चुकीचे वाटते. बायपोलर आजारावरील त्याचे सामर्थ्य १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी दाखवले, पण उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे असते. रक्तातील प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो, आणि म्हणून ते प्रमाण, थायरॉइड व मूत्रपिंड यांची नियमित तपासणी करावी लागते. इंटरनेटवर ‘पूरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम ऑरोटेटमध्ये मात्रा कमी असते हे खरे, परंतु अशी देखरेख नसते. जे आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने लिथियम घेत आहेत, त्यांनी ऑरोटेटची भर घालू नये, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, आणि उलट्या-जुलाब झाल्यास किंवा निर्जळी उपवास करायचा असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.