क्रिस कॉर्नेलचा 'स्क्रीम': पंधरा वर्षं शिव्या घातल्या, आता नीट ऐकला

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर क्रिस कॉर्नेलच्या 'स्क्रीम'चं नाव काढलं की अजून भांडणं होतात. अल्बम मार्च २००९ चा, माणूस २०१७ ला गेलासुद्धा, तरी अर्धे जण म्हणणार "तो टिंबालँडवाला कचरा ना" आणि दोनतीन जण ठरलेलं उत्तर देणार की तुम्हाला झेपला नाही. मी कचरावाल्या पार्टीत होतो. गेल्या आठवड्यात हेडफोन लावून चारपाच वेळा ऐकला, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साउंडगार्डनचा आवाज म्हणजे हा माणूस. सिएटलचा रॉक बँड, १९९७ ला फुटला, मग रेज अगेन्स्ट द मशीनच्या तिघांना घेऊन ऑडिओस्लेव्ह, तीन अल्बम, २००७ ला तिथूनही बाहेर. आणि मग गडी गेला कुठे तर थेट टिंबालँडकडे, म्हणजे त्या हिपहॉप-पॉपवाल्या प्रोड्यूसरकडे, जो तेव्हा जस्टिन टिंबरलेक आणि नेली फर्टाडोचे हिट्स काढत होता! आमच्यासाठी हे म्हणजे घरचा मुलगा न सांगता पळून जाऊन लग्न करून आल्यासारखं होतं. कव्हरवर साहेब गिटार आपटतायत आणि आत गिटार शोधावी लागते, आता हा जोक त्याने मुद्दाम केला असेल तर मानलं पाहिजे.

नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरने तर ट्विटरवर जाहीर टिंगल केली, की कुणी स्वतःची इतकी शोभा करून घेतं की बघणाऱ्यालाच कसंतरी होतं, तसा हा अल्बम आहे. (पुढे २०१४ ला ह्याच दोघांचे बँड, पुन्हा जमलेला साउंडगार्डन आणि नाइन इंच नेल्स, एकत्र टूरवर गेले, आपण मात्र अजून भांडतोय.) तरी अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर १० नंबरपर्यंत गेला, म्हणजे घेणारे होतेच.

आता एक कबुली. आम्ही तेव्हा हा अल्बम ऐकला तो कुणाच्यातरी पेनड्राइव्हवरून, एमपीथ्री, फोल्डरमध्ये गाणी एबीसीडीप्रमाणे लागलेली. आणि 'स्क्रीम' बनवलाय असा की एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं, मधे छोटे छोटे तुकडे येतात, गॅपच नाही. आमच्याकडे मात्र शेवटून दुसरं यायला हवं ते सगळ्यात पहिलं वाजायचं आणि प्रत्येक गाणं शेवटाला कुणीतरी प्लग काढल्यासारखं तुटायचं, आणि आम्ही म्हणायचो बघ किती फालतू मिक्सिंग आहे. बरोबर क्रमाने ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं की ह्याला काही आकार आहे.

म्हणजे आवडला का? अर्धा. प्रॉब्लेम बीट्सचा नाहीये, बीट्स मस्त आहेत. प्रॉब्लेम हा की चार सप्तकांच्या आसपास फिरणारा गळा घ्यायचा आणि त्याच्यावर त्याच्याच आवाजाचे इतके थर चढवायचे की मूळ माणूस सापडेना. 'पार्ट ऑफ मी'चा कोरस तर एका शिवीवर उभा आहे, ती पार्टीत ठीक आहे, पण कॉर्नेलच्या तोंडी ऐकताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. 'गेट अप' मी दरवेळी पुढे ढकलतो. उलट 'नेव्हर फार अवे' आणि 'लाँग गॉन'मध्ये जरा जागा सोडलीय तर लगेच तो खरखरीत सूर वर येतो, वरच्या पट्टीत जाताना आवाजाला किंचित भेग पडते ना, ती ऐकू येते, मग खाली ड्रम मशीन आहे की खरा ड्रमर याने मला काही फरक पडत नाही.

म्हणून "रॉक सोडलं म्हणून वाईट" हेही पटत नाही आणि "किती धाडसी" म्हणून डोक्यावर घेणंही नाही. धाडस होतं, पण गायकालाच मागे उभं केलं. पाचपैकी तीन, आणि शफल बंद करून ऐका, प्लीज.

शेवटच्या 'वॉच आउट'च्या मागे एक ब्लूज गाणं लपवलंय. रात्रीचं, दारूचा वास येणारं, सगळा चकचकाट बाजूला ठेवून गायलेलं. मी तेवढाच तुकडा कापून ग्रुपमधल्या सगळ्यात कट्टर कचरावाल्याला पाठवला, नाव न सांगता. त्याचा रिप्लाय आला, "भाई हा खरा कॉर्नेल, कुठल्या अल्बममधलं?"

अजून सांगितलं नाहीये.