डबल वायर सांगून सिंगल वायर गळ्यात मारली

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे. एक हायड्रोलिक प्रेस, एक मिस्त्री, एक पोरगा आणि मी. प्रेसच्या चार नळ्या बदलायच्या होत्या, पण जोतिबाच्या यात्रेमुळं नेहमीचं दुकान बंद. म्हणून उद्यमनगरात दुसरीकडं गेलो. "अर्धा इंच, डबल वायर," म्हणजे रबराच्या आत तारेच्या दोन जाळ्या असलेली, एवढं तोंडी सांगितलं. दुकानदारानं चहा पाजला, तोवर आतून नळ्या क्रिम्प होऊन, म्हणजे टोकांना जोड दाबून बसवून आल्या. वर पांढऱ्या शाईत 'आर २', म्हणजे डबल वायरची खूण. शिवाय माझ्यासमोर पंपावर ३०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाब देऊन दाखवला. अजून काय पाहिजे होतं?

गंडलो तो तिथंच. अर्धा इंची सिंगल वायरची नळी १६० बारला चालवायची, डबलची २७५ बारला. पण फुटायचा दाब याच्या चौपट धरलेला असतो. म्हणजे सिंगलसुद्धा ६४० बारपर्यंत दम धरते, ३०० ला तिला काय होणार! टेस्ट खरी होती, पण तिनं काहीच सिद्ध होत नव्हतं. आमची प्रेस २१० वर चालते, आणि दिवसभर ठोक्यावर ठोका.

दीड महिन्यानं एका नळीला फेरूलजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्याजवळ, फुगा आला आणि तेलाची बारीक वाफ दिसायला लागली. पोरगा गळती शोधायला हात फिरवणार, एवढ्यात मिस्त्री ओरडला, "हात काढ रं! पंप बंद कर आधी!" एवढ्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण लगेच ऑपरेशन करावं लागतं. पोरगा नशिबानं वाचला.

नळी काढून ब्लेडनं वरचं रबर सोललं. तारेची एकच जाळी, तिच्याखाली थेट आतली काळी ट्यूब. डबलमध्ये जाळी, मग पातळ रबर, मग परत जाळी दिसते. छापलेला '२' बघितला तर पॉलिश पेपरनं घासलेल्या जागेवर, बाकी अक्षरांपेक्षा जाड शाईत. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला असता तरी कळलं असतं. बाहेरून डबल सिंगलपेक्षा साधारण दीड-दोन मिलिमीटरनं जाड असते. गॅस वेल्डिंगच्या नळ्यांत ऑक्सिजनची निळी, ॲसिटिलिनची लाल, तिथं रंगावरून तरी समजतं. हायड्रोलिकच्या बहुतेक काळ्याच.

दुकानात गेलो तर गडी म्हणतो, "पावणं, बिलात डबल वायर कुठं लिहिलंय दाखवा." बिलावर होतं, 'हायड्रोलिक पाइप १/२, नग ४'. तेही कच्चं बिल.

आता बिलावर वायर, दाब आणि स्टँडर्ड लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि क्रिम्पिंगच्या आधी कापलेलं टोक हातात घेऊन जाळ्या मोजतो. दुकानदार तोंड वाकडं करतात. करू देत.