मेडिकल कॉलेज निवडताना आधी वॉर्ड बघा

माहितीपत्रकात इमारत, वसतिगृह आणि क्रमवारी ठळक छापलेली असते. कॉलेजांची तुलना करायला यातलं फारसं काही कामाचं नाही. जागतिक क्रमवारीत संशोधनाला मोठं वजन असतं. पदवीच्या मुलांना रुग्ण तपासायला कसं शिकवतात, ते तिथे दिसत नाही.

खाटा किती, हे विचारलं की आकडा लगेच मिळतो. विचारा भरलेल्या खाटा. कामाच्या दिवशी सकाळी मेडिसिनच्या वॉर्डात डोकावलं तरी अंदाज येतो. त्यातही एक मेख आहे: रुग्णालय निव्वळ सुपरस्पेशालिटीचं असेल तर दुर्मिळ आजार भरपूर दिसतात, पण साधा न्यूमोनिया, दम्याचा अटॅक, नॉर्मल डिलिव्हरी समोर येत नाही. पुढे रोज लागतं ते हेच. अशा कॉलेजची मुलं पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाला, सर्वसाधारण रुग्णालयात जातात का, ते बघावं.

मग बॅच. खाटेभोवती सहाजण असतील तर वाढलेली प्लीहा (पोटात डावीकडे असणारा अवयव) प्रत्येकाच्या बोटांना लागते. वीसजण झाले की पुढचे दोघे तपासतात आणि मागचे ऐकून वहीत 'प्लीहा दोन बोटं' लिहितात. शिवाय आजारी माणसाचं पोट वीसजणांनी दाबणं बरोबरही नाही. डिसेक्शन (शवविच्छेदन) टेबलाचंही तेच, मागच्या रांगेला फक्त पाठी दिसतात.

'प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग' वाचून हुरळून जाऊ नका. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये या पद्धतीने पहिली तुकडी घेतली. केस वाचायची, काय येत नाही त्याची यादी करायची, स्वतः अभ्यास करून पुन्हा गटात बसायचं. दोन बैठकांत काही दिवसांचं अंतर नसेल तर अभ्यास होत नाही, आणि ट्यूटर तयार केलेला नसेल तर तो लेक्चरच देतो.

निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती वेळेत डॉक्टर झाले, तो आकडा मागा. परदेशात जाणार असाल तर 'वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स'मध्ये नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे. जिथे प्रॅक्टिस करायची तिथल्या परवाना मंडळाचे नियम वाचा.

शेवटी इंटर्नना गाठा. पहिला टाका कधी घातला, किती डिलिव्हरी स्वतःच्या हाताने केल्या, आणि लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सह्या त्याच दिवशी होतात की वर्षअखेरीस एकगठ्ठा, एवढं विचारा.