चांदूर बाजार ते परळ: नागपूर, बेलोरा की बडनेऱ्याची रात्रगाडी?

मोबाईलवर नागपूर–मुंबई 'दीड तास' दिसतं आणि माणूस भुलतो. काकांना परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं होतं तेव्हा मीही भुललो. विमानतळावर बसल्या बसल्या काका म्हणाले, "घरून निंगालो सकायी, अजून नागपुरातच हावो. मंग हे दीड घंट्याचं कसं बाप्पा?"

हिशेब त्यांचाच बरोबर होता. आमच्या गावाहून नागपूर साडेतीन तास. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. दीड तासाचं विमान, बॅग मिळेपर्यंत अर्धा तास, पुढे टॅक्सीने परळ एक तास. झाले आठ.

बेलोऱ्याची, म्हणजे अमरावतीच्या विमानतळाची, गोष्ट निराळी. एप्रिल २०२५ पासून अमरावतीहून मुंबईला विमान आहे. बेलोरा–मुंबई सरळ रेषेत सुमारे ५४० किलोमीटर, नागपूर–मुंबई ६८०. तरी जवळच्या बेलोऱ्याहूनच वेळ जास्त, पावणेदोन तास! कारण इथे एटीआर ७२ येतं, पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास चालणारं. नागपूरचं जेट आठशेच्या घरात. पण हवेत पंधरा मिनिटं गेली तरी रस्त्यावर दोन तास वाचतात, कारण गावाहून बेलोरा दीड तासावर. सगळं धरून सव्वासहा तास. फक्त ते रोज उडत नाही, ठरावीक दिवशीच असतं. डॉक्टरची तारीख त्या दिवसांशी जुळली तर ठीक.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी आहेच, पण आजारी माणसाला दिवसभर बसवून नेणं मला पटत नाही.

आता रेल्वे. बडनेऱ्याहून रुळांनी सुमारे ६६० किलोमीटर. भुसावळ, मनमाड करत गाडी कसाऱ्याचा घाट उतरते, म्हणून सरळ रेषेपेक्षा सव्वाशे जास्त. अमरावती–मुंबई एक्सप्रेसला अकरा तासांच्या आसपास लागतात; घरापासून मोजाल तर साडेतेरा. आकड्यात ही सगळ्यात हळू. पण त्यातले सात-आठ तास झोपेचे, आणि सकाळी दादरला उतरलं की हॉस्पिटल टॅक्सीने हाकेवर. विमानाने गेलो तर ओपीडी गाठायला आदल्या दिवशी पोचून लॉजचं भाडं भरावं लागतं. शिवाय संत्र्याचं पोतं विमानात पंधरा किलोच्या हिशेबात बसवायचं म्हणजे कपडे घरी ठेवा.

एकट्याला मुलाखतीला जायचं असेल तर मी बेलोरा म्हणेन. नागपूर तेव्हाच, जेव्हा बेलोऱ्याचा दिवस जुळत नाही आणि रात्रगाडीपर्यंत थांबता येत नाही. रुग्ण सोबत असेल तर खालचा बर्थ आणि रात्रगाडी. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्याला हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्याच भेटीत शिक्क्यासकट भरून घ्या.